सहावा माणूस कोण? ओहायो स्टेट-मिशिगन सामन्याचा अंदाज आणि लाइनची डेप्थ

ज्यांचं नेट लोकलमध्ये जातं, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहून ठेवलाय. बोलतानाचे माझे ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ काढून टाकलेत. बाकी जवळपास जसंच्या तसं.

आजचा विषय तुमच्यापैकीच एकाने दिला. तो सध्या अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबसला एमएस करतोय. त्याची भलीमोठी व्हॉइस नोट आली. मुद्दा असा, की २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ओहायो स्टेट मिशिगनला आरामात हरवणार, असं सगळे छातीठोक सांगत होते. सुमारे वीस गुणांनी जिंकतील असा हिशोब होता. प्रत्यक्षात ओहायो स्टेट घरच्या मैदानावर हरली. आणि गंमत म्हणजे दोनच महिन्यांत तीच टीम देशाची चॅम्पियन झाली! त्याचा प्रश्न साधा होता. हे झालं कसं, आणि पुढच्या वेळी काय बघून अंदाज बांधायचा?

माझं उत्तर एका ओळीत देतो, मग सविस्तर बोलू. क्वार्टरबॅककडे बघणं जरा थांबवा. समोर उभ्या असलेल्या पाच धिप्पाड माणसांकडे बघा. आणि ते पाच पाहून झाले, की बाकावर बसलेल्या सहाव्याकडे बघा.

आधी दोन मिनिटांत खेळ

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल कधीच पाहिला नाही त्यांच्यासाठी. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे बॉल आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले, तर परत चार प्रयत्न मिळतात. नाही गेले, तर बॉल समोरच्यांचा.

टीव्हीवर नाव कोणाचं होतं? बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचं, झेलणाऱ्याचं, बॉल घेऊन पळणाऱ्याचं. पण त्या सगळ्यांच्या पुढे पाच जण वाकून उभे असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, आणि टोकांना दोन टॅकल. एकेकाचं वजन १४० किलोच्या आसपास. यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. बॉल सेंटरच्या हातून सुरू होतो, पण नेहमीच्या खेळात या पाचांपैकी कोणी पास झेलत नाही, बॉल घेऊन पळत नाही. त्यांचं काम एकच, समोरून येणाऱ्याला अडवायचं. पास असेल तर क्वार्टरबॅकला तीन-चार सेकंद मिळवून द्यायचे. रन असेल तर पळणाऱ्यासाठी फट उघडायची.

दहीहंडी आठवा. कॅमेरा कायम वरच्या थरातल्या पोरावर असतो. पण हंडी फुटणार की नाही ते खालच्या थरावर ठरतं. खालच्या थरातला एकाचा खांदा सरकला, तर वरचा कितीही चपळ असला तरी उपयोग नाही. लाइन म्हणजे तो खालचा थर.

डेप्थ म्हणजे नक्की काय?

प्रत्येक टीमचा एक डेप्थ चार्ट असतो. प्रत्येक जागेवर पहिला कोण, तो पडला तर दुसरा कोण, याची यादी. लाइनची डेप्थ म्हणजे पहिल्या पाचांच्या मागे सहावा, सातवा, आठवा माणूस किती तयार आहे ते.

आता इथे एक फरक नीट लक्षात घ्या, कारण बरेच लोक दोन्ही लाइन एकाच तराजूत तोलतात.

डिफेन्सिव्ह लाइन, म्हणजे अडथळा फोडून आत घुसणारे, सतत बदलत राहतात. दोन-चार खेळी झाल्या की दमलेला बाहेर आणि ताजा आत. तिथे डेप्थ म्हणजे इंधन. शेवटच्या क्वार्टरमध्ये पाय कोणाचे ताजे आहेत, हा प्रश्न असतो.

ऑफेन्सिव्ह लाइन मात्र सहसा बदलत नाहीत. तेच पाच जण पहिल्या खेळीपासून शेवटपर्यंत. कारण त्यांचं काम सुट्या ताकदीवर चालत नाही, ते एकमेकांच्या सवयीवर चालतं. समोरचे दोघं अचानक जागा बदलून घुसले, तर गार्डने आपला माणूस टॅकलकडे सोपवून दुसरा उचलायचा असतो. हे डोळ्यांनी ठरतं, बोलायला वेळ नसतो. त्यातून एक लाख लोक ओरडत असतील तर बोललेलं ऐकूही येत नाही. अॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे आणि कोलंबसच्या ओहायो स्टेडियमची १,०२,७८०. पाहुण्या टीमच्या लाइनला तिथे खुणांवर खेळावं लागतं.

म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनची डेप्थ ही विम्यासारखी. रोज दिसत नाही, रोज वापरत नाही. अपघात झाला की मगच कळतं पॉलिसी होती की नव्हती.

एक माणूस पडला की किती खुर्च्या हलतात?

हा आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.

समजा डावा टॅकल जखमी झाला. तुम्हाला वाटेल, त्याचा पर्यायी डावा टॅकल येईल, विषय संपला. पण बहुतेक कॉलेजांकडे खरोखर चांगला असा एकच जादा माणूस असतो, आणि तो नेमका त्याच जागेचा असेल असं नाही. मग कोच काय करतो? डावा गार्ड ताकदवान आहे, तर त्याला टॅकलला सरकवतो. गार्डच्या रिकाम्या जागी बाकावरचा येतो. जखमी एक, पण खुर्च्या हलल्या दोन.

आणि जागा बदलणं सोपं नाही. टॅकलसमोर सगळ्यात वेगवान खेळाडू बाहेरून वळसा घालून येतो, तर गार्डसमोर सगळ्यात जड खेळाडू सरळ अंगावर येतो. डावीकडून उजवीकडे जायचं म्हटलं तर पाय मागे टाकायची सवयच उलटी करावी लागते. उजव्या हाताने जेवणाऱ्याला पंगतीत डाव्या हाताने जेवायला सांगितल्यासारखं. जेवेल तो, पण वेळ लागेल, आणि वरण सांडेल.

म्हणून इंज्युरी रिपोर्ट वाचताना ‘किती जण जखमी’ हे मोजू नका. ‘पाचपैकी किती खुर्च्यांवर नवा माणूस बसलाय, आणि त्या खुर्च्या शेजारीशेजारी आहेत का’ हे मोजा.

नोव्हेंबरचं गणित

ओहायो स्टेट आणि मिशिगन पहिल्यांदा भिडले १८९७ मध्ये. आता हा सामना नेहमीच्या सीझनच्या अगदी शेवटी असतो, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. म्हणजे ऑगस्टच्या शेवटी सुरू झालेल्या सीझनमधला बारावा सामना. अकरा सामने अंगावर घेतलेल्या लाइन समोरासमोर येतात.

एक सोपं गणित करू. हे आकडे मी फक्त उदाहरणासाठी धरतोय. समजा लाइनमधल्या प्रत्येकाची त्या दिवशी बाहेर बसायची शक्यता फक्त १० टक्के आहे. कमी वाटते ना? मग पाचही जण हजर असण्याची शक्यता किती? ०.९ गुणिले ०.९, असं पाच वेळा. उत्तर येतं सुमारे ५९ टक्के. म्हणजे दहातल्या चार वेळा किमान एक खुर्ची रिकामी असणारच.

आता दोन्ही टीमचा विचार करा. दोन्हीकडच्या लाइन पूर्ण असण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. म्हणजे ऑगस्टमध्ये कागदावर ज्या दोन लाइन बघून लोक या सामन्याचा अंदाज बांधतात, त्या दोन्ही लाइन जशाच्या तशा मैदानावर येण्याची शक्यता तीनात एक.

मग ऑगस्टमध्ये तुम्ही कोणाचा अंदाज बांधताय? पहिल्या पाचांचा? खरं तर सहाव्या-सातव्याचाच बांधायला हवा. आता हे गणित प्रत्यक्ष मैदानावर कसं दिसलं ते बघू.

२०२१ आणि २०२२: जेव्हा थर हलला नाही

ओहायो स्टेटने २०१२ ते २०१९ सलग आठ वेळा मिशिगनला हरवलं होतं. २०२० चा सामना कोरोनामुळे झालाच नाही. २०२१ मध्ये ओहायो स्टेट पुन्हा फेव्हरिट होती, कारण त्यांच्याकडे बॉल फेकणारे आणि झेलणारे देशात एक नंबर होते.

मिशिगन जिंकलं, ४२-२७. त्यांनी बॉल घेऊन पळून २९७ यार्ड काढले, ओहायो स्टेटने ६४. मिशिगनच्या हसन हॅस्किन्सने एकट्याने पाच टचडाऊन केले. त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला मिळणारा जो मूर अवॉर्ड मिशिगनच्या लाइनला मिळाला. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, परत त्यांनाच.

२०२२ चा सामना कोलंबसला होता. मिशिगनचा मुख्य धावपटू ब्लेक कोरम आधीच्याच आठवड्यात गुडघ्याने जखमी झाला होता. सामन्यात तो जेमतेम दोनदा पळला. पहिल्या अर्ध्यात मिशिगनचं पळणं जवळपास बंदच होतं. मग चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच्या जागी आलेल्या डोनोव्हन एडवर्ड्सने एक ७५ यार्डांचा आणि एक ८५ यार्डांचा टचडाऊन केला. निकाल ४५-२३.

इथे थोडं प्रामाणिक राहू. त्या दोन धावा फक्त लाइनमुळे झाल्या नाहीत. ओहायो स्टेटने रन थांबवायला जास्त माणसं पुढे आणली होती, त्यामुळे पहिली फट ओलांडली की मागे कोणीच नव्हतं. पण ती पहिली फट उघडली लाइननेच. धावपटू बदलला तरी चाललं, कारण खालचा थर तोच होता.

२०२३: एका खेळीत परीक्षा

आता ज्या क्षणासाठी मी हा विषय घेतला तिकडे येऊ.

अॅन आर्बर, २०२३. दोन्ही टीम अपराजित. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १७-१७ अशी बरोबरी. मिशिगनचा उजवा गार्ड आणि कॅप्टन झॅक झिंटर खाली पडला. पायाची दोन्ही हाडं मोडली होती. खेळ थांबला. एक लाख लोकांचं मैदान गप्प झालं. त्याला गाडीवरून बाहेर नेलं.

इथे तुम्ही अंदाज बांधणारे असता तर काय म्हणाला असता? मिशिगनच्या लाइनमधला सगळ्यात मजबूत माणूस गेला, आता रन बंद.

पुढची खेळी. उजवा टॅकल कार्सन बार्नहार्ट आत सरकून गार्डला उभा राहिला. टॅकलला बाकावरचा ट्रेंट जोन्स आला. कोरम बॉल घेऊन निघाला आणि २२ यार्ड पळत थेट टचडाऊन. २४-१७. गेल्या गेल्या त्याने बोटांनी सहा आणि पाच दाखवलं. झिंटरच्या जर्सीचा नंबर ६५ होता.

लोकांना तो सिनेमासारखा प्रसंग आठवतो, आणि आठवायलाही हवा. पण मला त्यात दिसतात ते बार्नहार्ट आणि जोन्स. दोन खुर्च्या हलल्या, पण दोन्हीवर बसलेली माणसं नवखी नव्हती. बार्नहार्ट आधी वेगवेगळ्या जागांवर खेळला होता. जोन्स २०१९ पासून मिशिगनमध्ये होता, सुरुवातीच्या अकरात खेळून पुन्हा बाकावर गेलेला, आणि तरी तिथेच थांबलेला. तो ‘नवा’ फक्त कागदावर होता.

पुढे चौथ्या क्वार्टरमध्ये याच बदललेल्या लाइनने सुमारे सात मिनिटं बॉल आपल्याकडे ठेवला आणि फील्ड गोल मिळवून दिला. मिशिगन ३०-२४ ने जिंकलं. नंतर जानेवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ हरवून देशाचं चॅम्पियनही झालं. अंतिम सामन्यात त्यांनी पळून ३०३ यार्ड काढले. झिंटरशिवाय.

२०२४: वीस गुणांचा फुगा

आता आपल्या मित्राच्या प्रश्नाकडे. २०२४ मध्ये ओहायो स्टेटने ठरवलेली डावी बाजू अशी होती: डावा टॅकल जॉश सिमन्स, डावा गार्ड डोनोव्हन जॅक्सन, सेंटर सेथ मॅकलॉफ्लिन. जबरदस्त.

१२ ऑक्टोबरला ओरेगॉनविरुद्ध सिमन्सचा गुडघा गेला. सीझन संपला. त्याच्या जागी झेन मिखाल्स्की आला. नेब्रास्काविरुद्ध ओहायो स्टेट पळून जेमतेम ६४ यार्ड काढू शकली, कसाबसा २१-१७ असा सामना वाचवला, आणि मिखाल्स्कीही जखमी झाला. मग कोचने जॅक्सनला गार्डवरून टॅकलला सरकवलं आणि गार्डला कार्सन हिंझमनला आणलं. पेन स्टेटविरुद्ध या लाइनने चांगलं काम केलं. शेवटची पाचेक मिनिटं सलग रन करत घड्याळ संपवलं. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला.

मग इंडियानाच्या सामन्याच्या आठवड्यात सरावात मॅकलॉफ्लिनचा अकिलीस फाटला. घोट्यामागचा जाड स्नायुबंध. त्याचं कॉलेज करिअर तिथेच संपलं. त्याच वर्षी देशातला सर्वोत्तम सेंटर म्हणून त्याला रिमिंग्टन ट्रॉफी मिळाली, ही यातली वेदना. मग हिंझमन गार्डवरून सेंटरला, आणि गार्डला आणखी एक नवा.

आता मोजा. डावा टॅकल नवा. डावा गार्ड नवा. सेंटर नवा. पाचपैकी तीन खुर्च्या, आणि तिन्ही शेजारीशेजारी.

इंडियानाला त्यांनी ३८-१५ हरवलं. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, भोक बुजलं. ओहायो स्टेट १०-१, मिशिगन ६-५. वीस गुणांचा फरक कागदावर बरोबर दिसत होता. त्यात मिशिगनकडे कॉर्नरबॅक विल जॉन्सन नाही, टाइट एंड कॉलस्टन लव्हलँड नाही. दोघंही जखमी.

पण मिशिगनकडे एक गोष्ट होती. डिफेन्सिव्ह लाइनच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. पुढच्या वर्षी दोघंही एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले, ग्रॅहम पाचवा, ग्रँट तेरावा. हे दोघं उभे कुठे राहतात? नेमके सेंटर आणि गार्डच्या समोर. जिथे ओहायो स्टेटची शिवण उसवली होती तिथेच.

निकाल मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. ओहायो स्टेटने २६ वेळा बॉल घेऊन पळण्याचा प्रयत्न केला आणि ७७ यार्ड मिळवले. दुसऱ्या अर्ध्यात एकही गुण नाही. मिशिगनचा क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरेन पूर्ण सामन्यात फक्त ६२ यार्डांचे पास देऊ शकला, तरी ते जिंकले, कारण कॅलेल मलिंग्ज ३२ वेळा पळून ११६ यार्ड घेऊन आला. शेवटी ४५ सेकंद उरलेले असताना डॉमिनिक झ्वाडाने फील्ड गोल मारला.

अर्थात, सगळं लाइनवर ढकलू नका. ओहायो स्टेटने दोन फील्ड गोल चुकवले, विल हॉवर्डने दोन इंटरसेप्शन दिले. यातलं एक जरी वेगळं झालं असतं तर ओहायो स्टेट जिंकलीही असती. पण वीस गुणांनी? नाही. लाइनची डेप्थ फुगा फोडते, विजेता ठरवेलच असं नाही.

मग तीच लाइन चॅम्पियन कशी झाली?

इथे बरेच जण गोंधळतात. मिशिगनकडून हरल्यावर कोच रायन डे यांना काढा म्हणून आरडाओरडा सुरू झाला. तीन आठवड्यांनी प्लेऑफ सुरू झाले. टेनेसी ४२-१७, ओरेगॉन ४१-२१, टेक्सस २८-१४, आणि २० जानेवारी २०२५ ला अंतिम सामन्यात नोत्र दाम ३४-२३. तोच जॅक्सन टॅकलला, तोच हिंझमन सेंटरला. अंतिम सामन्यात ओहायो स्टेटने पळून २१४ यार्ड काढले.

मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, वेळ. मिशिगनचा सामना हा हिंझमनचा त्या सीझनमधला सेंटर म्हणून दुसराच सामना होता. नोत्र दामच्या वेळी सहावा. मध्ये तीन आठवड्यांचा सराव मिळाला. सवय लागायला वेळ लागतो, हे आपण आधीच बोललो.

दुसरं, समोर कोण आहे. ग्रॅहम आणि ग्रँटसारखी जोडी रोज समोर येत नाही.

तिसरं, खेळायची पद्धत. मिशिगनविरुद्ध ओहायो स्टेट जिथे भिंत होती तिथेच डोकं आपटत राहिली. प्लेऑफमध्ये त्यांनी पास आधी मोकळा केला, जेरेमाया स्मिथसारख्या झेलणाऱ्यांकडे बॉल लवकर पोचवला. मग डिफेन्स पसरला आणि लाइनचं काम हलकं झालं.

म्हणजे ‘लाइन कमकुवत’ हा शिक्का कायमचा नसतो. प्रश्न असा विचारायचा: आज, या माणसांसमोर, या पद्धतीने खेळताना ही लाइन टिकेल का? त्या शनिवारी उत्तर नाही असं होतं. जानेवारीत हो.

बाक रिकामा का होतो?

आता थोडं पडद्यामागचं. २०२१ पासून कॉलेज खेळाडूला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळता येऊ लागलं. २०२४ पासून तर अभ्यासाच्या अटी पाळल्या की कितीही वेळा. याला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात.

यामुळे पहिले पाच विकत घेणं सोपं झालं. सिमन्स सॅन डिएगो स्टेटहून आलेला, मॅकलॉफ्लिन अलाबामाहून. मिशिगनचा २०२२ चा सेंटर ओलुसेगुन ओलुवाटिमी व्हर्जिनियाहून आला. पण सहावा-सातवा टिकवणं अवघड झालं. तो का थांबेल? दुसरीकडे जाऊन पहिला होता येतं, पैसेही मिळतात.

म्हणून मला हिंझमन फार लक्षात राहतो. २०२३ मध्ये ओहायो स्टेटचा सेंटर तोच होता. मग अलाबामाहून मॅकलॉफ्लिन आला आणि त्याची खुर्ची गेली. तो निघून गेला असता तर कोणी नावं ठेवली नसती. तो थांबला. आणि नोव्हेंबरमध्ये खुर्ची रिकामी झाली तेव्हा तिथे बसू शकेल असा माणूस घरातच होता. तो नसता तर जानेवारीतली ती ट्रॉफी मिळाली असती का, हा प्रश्न कोलंबसच्या लोकांनी स्वतःला विचारून बघावा.

२०२५ पासून टीममध्ये जास्तीत जास्त १०५ खेळाडू, अशी मर्यादाही अनेक मोठ्या कॉलेजांना आली आहे. पूर्वी शिष्यवृत्तीवरच्या ८५ जणांशिवाय स्वखर्चाने येणारी बरीच पोरं सरावाला असायची. आता त्या गर्दीलाही कात्री लागली. म्हणजे सहाव्या माणसाची किंमत पुढच्या वर्षांत वाढणारच.

अंदाज बांधताना विचारायचे पाच प्रश्न

फोनवर स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

१. डाव्या टॅकलपासून उजव्या टॅकलपर्यंत हेच पाच जण सलग किती सामने एकत्र खेळलेत?

२. सीझनच्या सुरुवातीच्या तुलनेत किती खुर्च्यांवर वेगळा माणूस आहे? त्या शेजारीशेजारी आहेत का?

३. सहावा माणूस याआधी खऱ्या दबावात खेळलाय, की फक्त टीम चाळीस गुणांनी पुढे असताना?

४. ज्या खुर्चीवर नवा माणूस आहे, तिच्या समोर कोण उभा राहणार? टोकाला भोक असेल आणि समोरच्यांची ताकद मध्यभागी असेल, तर तितकं घाबरायचं कारण नाही. दोन्ही जुळलं, तर घाबरा.

५. समोरच्या डिफेन्सिव्ह लाइनमध्ये किती जण आलटून पालटून खेळतात? तिथे सहा-सात चांगले असतील, तर चौथ्या क्वार्टरमध्ये नव्या माणसाचे हाल होतात.

आणि एक टीप. २०२३ पासून बिग टेन या त्यांच्या गटात सामन्याच्या किमान दोन तास आधी कोण खेळणार नाही त्याची यादी जाहीर करावी लागते. हा सामना परंपरेने तिथल्या दुपारी बाराला, म्हणजे आपल्या रात्री साडेदहाला सुरू होतो. तर साडेआठच्या सुमाराला यादी बघा, आणि त्यात क्वार्टरबॅकच्या आधी लाइनची नावं शोधा.

उत्तर काढताना ‘हेच जिंकणार’ असं म्हणू नका. शंभरपैकी किती वेळा, असं म्हणा. लाइनला भोक आहे आणि ते नेमकं चुकीच्या माणसासमोर आहे, तर फेव्हरिटचे ९० चे ७५ करा. उरलेले २५ म्हणजे २०२४.

हो, आणि हे सगळं गप्पांसाठी, मित्रांशी पैज लावायची तर चहाची. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आलीये. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी कोणाच्या मोडलेल्या पायावर पैसे कमवायची कल्पना मला स्वतःला पटत नाही. ही वीस-बावीस वर्षांची पोरं आहेत.

२०२५ मध्ये ओहायो स्टेटने अॅन आर्बरला जाऊन २७-९ असा विजय मिळवला आणि मिशिगनची सलग चार विजयांची मालिका तोडली. पुढचा सामना पुन्हा कोलंबसला. आपला मित्र तिथे असेलच. मित्रा, तिकीट मिळालं तर पहिल्या खेळीला बॉलकडे बघू नकोस. सेंटरच्या डाव्या-उजव्या बाजूला बघ, कोण उभं आहे ते. आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठव, यावेळी जरा छोटी.

बाकी मंडळी, तुमच्या लाडक्या खेळात असा कोण आहे ज्याचं नाव कोणी घेत नाही पण तो नसला की सगळं कोसळतं? कबड्डीतला कव्हर, क्रिकेटमधला पाचवा बोलर, कोणीही चालेल. नाव आणि दोन ओळी पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. तोवर काळजी घ्या, भेटू!